हमीदभाईंची दोन थरांची चकती

वसमतमध्ये चकत्या, म्हणजे सीडी, वाजवायची मशीन दुरुस्त करणारी आता मी एकटी उरले आहे. यात मोठेपणा काही नाही. बाकीच्यांनी वेळेवर मोबाइलची दुकानं टाकली, मी टाकली नाही. मोबाइलमध्ये उघडून बघण्यासारखं काही नसतं, सगळं चिकटवलेलं असतं.

मी चौथी शिकले. माहेर सोनाराचं. वडिलांच्या शेजारी बसून बारीक कड्या झाळायला, म्हणजे जोडायला, शिकले. लग्न होऊन वसमतला आले तर यांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. यांचा हात जड. एक टाका सोल्डर करताना शेजारचे दोन भाजायचे. एकदा मी म्हटलं, आणा इकडे. त्या दिवसापासून बारीक काम माझ्याकडे आलं आणि गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम यांच्याकडे राहिलं. ते जाऊन बारा वर्षं झाली. तेव्हापासून आमच्या दुकानात गोड कोणी बोलत नाही.

गिऱ्हाइकं तरी कशी येतात. साखरा गावाकडचा एक गडी पिशवीभर चकत्या घेऊन आला. वाजत नाहीत म्हणाला. बघते तर कडेला खिळ्याने भोकं पाडलेली. ज्वारीत पाखरं हाकायला दोऱ्याने टांगल्या होत्या, दोन महिने उन्हात. मी विचारलं, "पाखरं आली का रे?" म्हणाला, "एक न्हाई आलं." मी म्हटलं, "मग चकतीनं काम केलं ना? आता तिनं गाणं बी म्हणायचं का?" तो हसला नाही. पिशवी उचलून गेला.

मला सांगायचं आहे ते कुरुंद्याच्या हमीदभाईंबद्दल. त्यांना विचारून लिहिते आहे. ते म्हणाले, "लिहा आक्का, पण तुमची चूक बी लिहा." लिहिते.

आधी चकती समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. चकतीवर गाणं बारीक बारीक खड्ड्यांनी लिहिलेलं असतं. आपल्याला नुसते रंग चमकताना दिसतात. मशीनच्या पोटात लेसरचं डोकं असतं, त्यावर मसुराच्या डाळीएवढं भिंग. चकती फिरते, लेसर खड्डे वाचतो, मशीन त्याचा आवाज करते. ही झाली साधी सीडी. तिच्यावरची एक भारी जात निघाली, एसएसीडी म्हणतात. हमीदभाईंकडच्या अशा चकत्यांत दोन थर आहेत. एका थरावर साधं गाणं, कुठल्याही मशीनला वाचता येईल असं. दुसऱ्या थरावर तेच गाणं, पण जास्त बारकाईने भरलेलं. तो दुसरा थर वाचायला लाल लेसर लागतो आणि तशी मशीन लागते. तशा मशीनच्या डोक्यात दोन लेसर शेजारी शेजारी असतात, एक साध्या थराचा, एक भारी थराचा. भारी थराचा लेसर मेला तरी गाणं बंद पडत नाही. मशीन गपचूप साधा थर वाचायला लागते. फक्त पुढच्या काचेतली बारीक इंग्रजी अक्षरं लागत नाहीत. बाकी कोणाला पत्ता लागत नाही.

तशी मशीन माझ्या माहितीत एकच, हमीदभाईंची. जिल्ह्यात दुसरी असेल तर माझ्याकडे आली नाही. पुण्याच्या पुतण्याने त्यांना जुन्या बाजारातून मिळवून दिली होती. चकत्या परदेशातून मागवलेल्या, सगळ्या मिळून अकरा. काही सतार-तबल्याच्या, काही नुसत्या पियानोच्या. पियानो त्यांना कळत नाही, पण त्यात वाजवणाऱ्याच्या खुर्चीची करकर ऐकू येते म्हणून ते ती चकती पाहुण्यांना लावून दाखवायचे.

हमीदभाई हळदीचे व्यापारी. आजोबापासूनचा धंदा. कुरुंद्याला मोठं गोदाम, पुढे पॉलिशचा ड्रम. वाळलेली हळकुंडं त्या लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवतात, की साल निघून ती चकचकीत होतात. ड्रमला लागूनच त्यांची बैठक, आणि मशीनही तिथेच. शेतकरी असो की तहसीलातला साहेब, आला की बसवायचे आणि म्हणायचे, "डोळे मिटा. ऐका. तबल्याची किनार ऐकून राहिले का? साध्या मशीनीत हे न्हाई भेटत." माणूस हळद विकायला आलेला असायचा. तो "वा, वा" म्हणायचा.

हळद घेण्याची त्यांची रीत आजोबाची. ओली हळद साठवली की बुरशी धरते, म्हणून व्यापारी आधी ती पुरती वाळली का ते बघतो. हळकुंड हातात घ्यायचं, तोंड दुसरीकडे फिरवायचं आणि मोडायचं. तोंड फिरवायचं ते अशासाठी की विकणाऱ्याला आपल्या चेहऱ्यावरून काही कळू नये. वाळलेलं हळकुंड मोडताना टणकन वाजतं, धातू वाजल्यासारखं. ओलं असेल तर आवाज दबतो. दुसरे व्यापारी मोडल्यावर आतला रंग बघतात, दाताखाली धरतात. हमीदभाई बघत नसत. "बघायचं काय? हळद स्वतः बोलते," असं म्हणायचे. त्यांच्या कानावर पंचक्रोशीचा विश्वास होता. त्यांनी वाळली म्हटलं की वाळली, ओली म्हटलं की परत न्यायची. वाद कोणी घालत नसे.

आता माझी चूक.

दीड वर्षापूर्वीच्या दसऱ्याची गोष्ट. खंडेनवमीला गोदामातले हमाल काट्याला, ड्रमला, टेम्पोला हळद-कुंकू वाहतात. हमीदभाई स्वतः नारळ आणून देतात. त्या वर्षी हमालांच्या मनात आलं की शेठची सगळ्यात लाडकी वस्तू तर हीच. त्यांनी मशीनलाही वाहिलं. वरून वाहिलं असतं तर पुसून निघालं असतं. पण एकाने बटण दाबून चकतीचा कप्पा बाहेर काढला, त्यात चिमूटभर हळद-कुंकू सोडलं, एक फूल ठेवलं आणि कप्पा आत ढकलला. मशीन बंद.

दुसऱ्या दिवशी मी कुरुंद्यातच होते, भाचीच्या साखरपुड्याला. हमीदभाईंना कळलं, ते मांडवात आले.

"आक्का, पाच मिनिटं चला. मशीन मुकी झाली."

मी म्हटलं, "वसमतला धाडून द्या. मी माझ्याच टेबलावर काम करते."

"आज पाहुणे हायत घरी. नुसतं उघडून बघा."

मी गेले. उघडलं, फूल काढलं. भिंगावर पिवळा लेप बसला होता. हळदीला तेल असतं, ती पाण्याने निघत नाही, स्पिरिटने निघते. स्पिरिट त्यांच्या घरच्या औषधांच्या पेटीत मिळालं. डोकं नीट पुसता यावं म्हणून मी त्याची चपटी पट्टीसारखी वायर काढली, भिंग पुसलं, पट्टी परत बसवली. टेम्पोतली एक साधी सीडी लावली. वाजली. सगळे खूश. मी जेवायला मांडवात परत गेले.

माझा स्वतःचा नियम आहे, लेसरला हात लावायचा तो सुती साडीत. नायलॉनची साडी अंगाला घासते, अंगात वीज साठते. आपल्याला कळतही नाही इतकी. पण लेसरचा जीव केवढासा, तेवढ्याने तो जातो. पट्टी काढलेली असली तर नक्कीच. त्या दिवशी मी साखरपुड्याची जरीकाठी नायलॉनची साडी नेसलेली होते. आणि तपासताना साधी सीडी लावली, दोन थरांची लावली नाही. साध्या थराचा लेसर वाचला होता. भारी थराचा मी मारून आले होते आणि मला ठाऊक नव्हतं.

हे कळलं ते यंदाच्या उन्हाळ्यात. हमीदभाईंची सून नसरीन मशीन घेऊन दुकानात आली. शिकलेली पोरगी, गोदामाचं सगळं लिहिणं-वाचणं तीच बघते.

"खाला, ही शिट्टी मारून राहिली. डोकं उठतं माझं."

मी वीज लावली. व्हय, आतून बारीक शिट्टी येत होती. मला बारीक, तिला कान टोचणारी. विजेच्या भागातली एक तारेची गुंडाळी सैल झाली की असं होतं, गोंदाच्या दोन थेंबांचं काम. मी विचारलं, "हमीदभाईंनी आधी न्हाई धाडली ती?"

"अब्बा म्हणतात, शिट्टी न्हाईच. म्हणतात तुझ्याच कानात वाजून राहिली." मग ती म्हणाली, "आणि खाला, त्या काचेत भारी चकतीची अक्षरं येत नाहीत. फक्त सीडी येतं. अब्बांना इंग्रजी येत नाही, मी परवा धूळ पुसली तेव्हा दिसलं. चकती बदलून बघितली. एकाही चकतीला ती लागत नाहीत."

मी तिच्यासमोर मशीन उघडली. दहा मिनिटांत कळलं की भारी लेसर मेलेला आहे, आणि तो कोणी मारला तेही कळलं. दीड वर्षं हमीदभाई लोकांना डोळे मिटायला सांगून साधी सीडी ऐकवत होते.

मी नसरीनला सांगितलं, चूक माझी आहे. ती भलतंच बोलली.

"म्हणूनच असेल मग. अब्बा म्हणत होते, मशीनचा आवाज मळका झाला. पण खाला, ते हळदीला बी तसंच म्हणून राहिले. सगळ्यांचीच हळद ओली म्हणतात यंदा. तांड्यावरच्या सकूबाईची हळद दोन बारी वापस केली. मी तिचा नमुना गपचूप ठेवून घेतला. मी मोडून बघितलं, टणटण वाजते. सासऱ्याला कसं सांगू?"

सकूबाई राठोड मला माहीत होती. एकटी बाई दोन एकरांवर हळद करते, वीस वर्षं हमीदभाईंनाच घालते. वाळलेली हळद पुन्हा पुन्हा उन्हात टाकली की ती वजनाला उतरते, आणि मधेच अवकाळी पाणी आलं तर सगळीच जाते. आणि हमीदभाईंनी परत केलेली हळद दुसरा कोणी व्यापारी सुखासुखी घेत नाही. म्हणतो, कुरुंद्यानं ओली म्हटली ना?

नसरीन गेल्यावर मी हात धुऊन बसले आणि विचार केला. या मशीनआधी हमीदभाईंकडे टेप होता. माझ्याकडेच आणला होता. तक्रार काय? वरचा आवाज येत नाही, झांज मळकी वाजते. मी डोकं साफ केलं, म्हणाले ठीक आहे. दोन वर्षांत टेप टाकून सीडी घेतली. तक्रार तीच. मग डीव्हीडी. तीच. मग ही एवढी भारी मशीन, आणि तिच्यावरही पहिल्याच वर्षी, माझ्या हातून लेसर मरायच्या आधी, ते एकदा म्हणाले होते, "आक्का, याच्याहून भारी काही असतं का हो?" मशीन चार, तक्रार एक, आणि कान दोनच. शिट्टीचा तर प्रश्नच नव्हता. मी म्हातारी, मला ऐकू येते. त्यांना नाही.

इतकी वर्षं ते माझ्यासमोर तीच तक्रार घेऊन येत होते आणि मी त्यांची मशीन उघडत होते. मला मशीन येते म्हणून मला सगळीकडे मशीनच दिसली. याचं मला वाईट वाटतं. लेसर मेल्याचं तेवढं वाटत नाही, तो बदलता येतो.

आणि अडचण अशी की माझी चूक त्यांच्या सोयीची होती. मी जाऊन नुसतं "लेसर माझ्याकडून गेला" म्हटलं असतं तर ते खूश झाले असते. खोट मशीनमध्ये, कान शाबूत. मीही सुटले असते. सकूबाईची हळद तेवढी उन्हात राहिली असती.

मी ठरवलं, आधी मशीन शंभर टक्के नीट करायची. मशीनमध्ये काही खोट राहिली तर बोलायला जागा राहते.

लेसरचं डोकं नवीन मिळत नाही. पण ही भारी मशीन बनवणाऱ्यांनी आत डोकं मात्र एका साध्या डीव्हीडी प्लेयरचंच घातलेलं होतं. त्यांनाही कुठून तरी काटकसर करायची असतेच. मी पाठीवरचा नंबर कागदावर उतरवून घेतला आणि भंगारवाले धरले. वसमतला तीन, काही नाही. हिंगोलीला दोन, तिथे एकाने विचारलं, "म्हातारे, हे घेऊन करती काय?" मी म्हटलं, "भाकरीसंगं खाते." आखाडा बाळापूरच्या बाजाराच्या दिवशी एका ढिगात तशा प्लेयरचे सांगाडे सापडले, सात. सातही उघडून बघायला त्याने अर्धा दिवस बसू दिलं. पाच डोकी झिजलेली. सहाव्याचं भिंग कोणीतरी थिनरने पुसून पांढरं केलेलं. सातवं डोकं कंपनीच्या कागदातच होतं, कोणी बदलायला आणून बदललंच नव्हतं.

नव्या डोक्यावर सोल्डरचा एक थेंब असतो, दोन टोकं जोडणारा. विजेपासून लेसरला सांभाळायला कंपनी तो लावते. डोकं बसवून, पट्टी लावून झाली की मगच तो थेंब उचलायचा. आधी उचलला तर लेसर उघडा पडतो, विसरला तर मशीन चालत नाही. मी धुतलेली सुती साडी नेसले, अंगातली वीज जमिनीत उतरावी म्हणून पाय ओल्या फरशीवर ठेवले आणि थेंब उचलला. हमीदभाईंची एक चकती नसरीनने ठेवून दिली होती, ती घातली. काचेत अक्षरं लागली. शिट्टी मात्र मी मुद्दाम ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला मशीन घेऊन कुरुंद्याला गेले. ड्रम बंद होता, चार हमाल पोती शिवत बसले होते. हमीदभाईंनी चहा सांगितला. मी म्हटलं, चहा नंतर. आणि साडीपासून सगळं सांगितलं.

ते उठून उभेच राहिले. "सुन रही, नसरीन? मी म्हणून राहिलो होतो का न्हाई, खोट मशीनीत हाय!" मग माझ्याकडे वळून, "आक्का, माफ. शंभर बारी माफ. लावा आता."

मी सतारीची चकती लावली. अक्षरं लागली, ती नसरीनने वाचून दाखवली. ते डोळे मिटून बसले. पहिली दोन मिनिटं चेहरा उजळलेला होता. मग कपाळावर आठी आली. चकती पुढे गेली, तबला सुरू झाला. त्यांनी आवाज वाढवला. अजून वाढवला. हमालांनी शिवणं थांबवून कानांवर हात घेतले. गाणं संपल्यावर ते म्हणाले, "फरक पडला." मग थोड्या वेळाने, "तसा थोडा."

"न्हाई पडला," मी म्हटलं. "पडायचा न्हाई. मशीन नीट हाय हमीदभाई. कान गेलेत तुमचे. वरचे आवाज गेलेत."

हमीदभाईंचा हात परत आवाजाच्या बटणाकडे गेला.

"आत्ता या मशीनीतून शिट्टी येऊन राहिली," मी म्हटलं. "विचारा यांना."

त्यांनी हमालांकडे बघितलं. एक जण मान खाली घालून म्हणाला, "येऊन राहिली शेठ. लई दिस झाले."

हमीदभाईंचा आवाज चढला. "शिट्टी ऐकायला बसतो का मी? तुमी स्वतः मशीन मारली, दीड साल मला फसवलं, आणि आता तुमची चूक माझ्या कानावर ढकलून राहिल्या? या कानावर तीन पिढ्यांचं दुकान चाललं!"

आरोप चुकीचा नव्हता. त्यांच्या जागी मीही हेच म्हटलं असतं. मी म्हटलं, "मशीन माझी मी बघून घेते. तुमी हळद बघा. तुमी पाठ करून बसा, नसरीन मोडेल. दहा. तुमी सांगा."

नसरीन घाबरून म्हणाली, "अब्बा, न्हाई करायचं तर ऱ्हाऊ द्या."

"काहून ऱ्हाऊ द्या?" ते म्हणाले. "आण. आणि तुमी समदे इकडं या. सगळ्यांसमोर होऊ दे."

ते भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसले. नसरीनने दोन परड्या आणल्या. एकीत सकूबाईचा नमुना, दुसरीत चार दिवसच वाळलेली, अजून ओलसर हळकुंडं. मी हमालाच्या हाताने एकेक उचलून तिला दिलं, पाच यातली, पाच त्यातली, उलटसुलट.

पहिलं मोडलं. सकूबाईचं. टणकन वाजलं, मला भिंतीपाशी ऐकू आलं.

"ओली," हमीदभाई म्हणाले.

दुसरं. दबका आवाज. "ओली."

तिसरं टणकन. "ओली."

चौथं हातात घेऊन नसरीन थांबली. मी म्हटलं, मोड. पाचव्यापाशी त्यांनी बोलायला वेळ लावला. हमालांतला म्हातारा तोंडावर पंचा धरून उभा होता. सातव्याला ते म्हणाले, "पुन्हा मोड," तिने उरलेला तुकडा मोडला, तोही टणकन वाजला. ते म्हणाले, "ओली." दहाच्या दहा ओल्या.

मग ते वळले. नसरीनने तुकडे खाली दोन ओळींत वेगवेगळे टाकले होते. त्यांनी एका ओळीतला तुकडा उचलून आतला रंग बघितला, दाताखाली धरला. कुठल्याही व्यापाऱ्याने पहिल्या दिवसापासून केलं असतं ते. वाळलेला होता. मग दुसऱ्या ओळीतला, तो ओला.

"ही कोणाची?" पहिल्या ओळीकडे बोट करून त्यांनी विचारलं.

"सकूबाईची," नसरीन म्हणाली.

पुढचं थोडं आधीच सांगून टाकते. नंतर नांदेडला कान तपासले. डॉक्टर म्हणाले, चाळीस वर्षं त्या ड्रमशेजारी बसून हे झालं आहे, गेलेलं परत येत नाही, यंत्र लावा. लावलं. त्यातून चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज बंदुकीसारखा येतो म्हणून शिव्या देतात, पण लावतात. ड्रम बैठकीपासून लांब हलवला. चकत्या अजून ऐकतात. मी शिट्टी बंद करून दिली आहे. भारी थर त्यांना ऐकू येतो का, मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दोन थरांत फरक कळला नाही आणि जगात किती जणांना कळतो याची मला शंका आहे. पण काम म्हणून जे डोकं बसवायचं होतं ते मी बसवलं.

त्या सकाळी मात्र त्यांनी जीप काढली. नसरीनला म्हणाले, चल. मला म्हणाले, "तुमी बी चला आक्का. तुमीच लावून दिलं हे." दोन हमाल मागे बसले. आकाशात पश्चिमेकडून ढग चढत होते.

सकूबाई खळ्यावर ताडपत्री ओढत होती. आम्हाला बघून तिने ताडपत्री सोडली नाही.

"काय शेठ? कान थकला म्हणून आता वास घ्यायला आले का?"

ती रागाने बोलली, तिला काही ठाऊक नव्हतं. हमीदभाई जरा थबकले. तांड्यातली सात-आठ माणसं जमली होती. ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "थकला न्हाई सकूबाई. गेला. तुमची हळद वाळलेलीच होती. दोन बारी मी खोटं वापस धाडलं. ज्याला ज्याला तुमी ही हळद दाखवली, त्याला मी स्वतः सांगीन."

सकूबाईने ताडपत्री खाली ठेवली.

"कान गेला तर गेला," ती म्हणाली. "मी तेव्हाच म्हणून राहिले होते ना, शेठ, फोडून आत बघा म्हणून? डोळे तर होते?"

"होते," हमीदभाई म्हणाले. "न्हाई बघितलं."

तिने ढिगातून एक हळकुंड उचलून सवयीने त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी घेतलं, तोंड फिरवलं, आणि तसेच थांबले. मग पुन्हा वळून ते नसरीनच्या हातात दिलं.

"मी?" ती म्हणाली.

"तूच."

नसरीनने तोंड फिरवलं नाही. सकूबाईकडे बघतच तिने हळकुंड मोडलं. मग आतला रंग बघितला.

"वाळली हाय."

"मोठ्यानं बोल गं पोरी," सकूबाई म्हणाली. "समद्या तांड्यानं ऐकलंय ओली म्हणून."

"वाळली हाय!"

हमाल पोती घेऊन उभे होते, पण हात लावेनात. दोघेही हमीदभाईंच्या तोंडाकडे बघत होते.

"माझ्याकडं काय बघून राहिले?" हमीदभाई म्हणाले. "तिनं सांगितलं ना? भरा."